शेळगावच्या साहेबाला कुणी फाडलं?

"सिंधुबाई, धावा! सायबाला शेळीनं खाल्लं!"

रावजीची हाक आली तशी सिंधुबाई शिवण टाकून उठली. हातातली लोखंडी सुई तिनं पदराला खोचली. सुई कालपासून लाल पडली होती आणि तिची स्वतःची बोटं निळी.

चौतीस सालची रंगपंचमी होती. देवळामागच्या छपरात काल सांजेपर्यंत सात हात उंच कागदी गोरा साहेब उभा होता. आता तिथं कामट्यांचा सांगाडा होता, खाली खळीनं चिकटवलेल्या कागदाच्या चिंध्या, आणि मधोमध शेजारच्या रंगूबाईची शेळी, दाढीला एक तुकडा चिकटलेला.

सोंग सिंधुबाईच्या भावानं, जोतीरामनं रचलेलं. तो आगबोटीवर कोळसा टाकायला होता तेव्हा त्रिनिदाद नावाच्या बेटावर उतरला होता. तिथं उसाच्या मळ्यांत राबणारी माणसं सणाला मळेवाल्यांचीच सोंगं घेतात, एकेक टोळी महिनोन् महिने तारा वाकवून ती बांधते, आणि मळेवाल्यांच्याच दारात नाचते! हे ऐकल्यापासून खालच्या आळीला दुसरं काही सुचत नव्हतं.

रंगपंचमीच्या मिरवणुकीत खालच्या आळीचं सोंग पुढं, पाटलांचं मागं, हा जुना मान. एक साल खंड पडला की मान गेला. म्हणूनच हिंदुराव पाटील सकाळपासून वेशीत खुर्ची टाकून बसले होते.

"ह्ये पाटलाचंच काम," जोतीराम दात खाऊन म्हणाला. "भिमा हितं घिरट्या घालत व्हता."

भिमा पाटलांचा गडी. त्याला धरून आणला.

"काल हितं आलतास?" सिंधुबाईनं विचारलं.

"व्हय. सायब बघाया."

"आन् आत?"

"आत रावजी तात्या निजल्यालं. मी दारातनंच फिरलो."

रावजी सोंगाच्या आत शिरून नाचणारा. वीस वर्षं नाचत होता. गेले चार दिवस मात्र तो गुऱ्हाळावर होता, काल सांजेला परतला आणि राखणीला छपरातच झोपला.

"तात्या, शेळी शिरली तवा जाग न्हाय आली?"

"चार दिसांचं जागरण, बाई. मेल्यावाणी निजलो. खळीला पीठ असतंय, शेळी सोडतीय व्हय?"

सिंधुबाईनं एक चिंधी उचलून शेळीपुढं धरली. शेळीनं हुंगली, फुरफुरली आणि मान फिरवली. चिंध्यांच्या कडा तर सुरीनं कापल्यासारख्या सरळ होत्या.

"सगळ्यांनी आपापलं कोयतं काढा," ती म्हणाली.

ऊसतोडीचे दिवस, कोयता प्रत्येकाच्या कमरेला. भिमाचं पातं लखलखीत निघालं. जोतीरामचं गंजकं, कारण तो कामाला कधी हात लावतो! रावजीचा कोयता मात्र कमरेतून निघेना. जोतीरामनंच तो ओढून काढला. पातं नव्या घागरीसारखं तांबूस झालं होतं.

"गंज हाय," रावजी पुटपुटला.

"गंज असा चमकत न्हाय, तात्या." सिंधुबाईनं पदराची सुई काढून कोयत्याशेजारी धरली. दोन्हींचा रंग एकच होता. "साऱ्या गावात खळ पिठाची करत्यात. यंदा उंदरांच्या भ्यानं मी चिंचोक्याची केली, आन् बावड्याच्या बाजारातनं निळा मोरचूद आणून तीत घातला. त्येला शेळी तोंड लावत न्हाय. आन् वल्ल्या मोरचुदात लोखंड घातलं की तांबं धरतंय, सायबाचं कागद टाचताना माझ्या सुईनं धरलं तसं. काल दिल्याला खळीचा हात रातीला वल्लाच व्हता. खळ घातली तवा तुमी गुऱ्हाळावर. आळीत ह्ये ठाव नसल्याला माणूस येकच, तुमी. म्हणून शेळीचं नाव घ्याया धजलात."

रावजीनं सदरा वर करून पाठ फिरवली.

"तीस साली जंगल सत्याग्रहात सहा म्हैने तुरुंगात काढलं मी," तो म्हणाला. "पाठीवर आजून वळ हायेत. पाटील म्हणलं, सायबाच्या आत जो आसंल त्येचं नाव सरकारात लिवून देतो, त्येला तितंच धाडतो. मला न्हाय जायाचं तितं."

"मग न्हाय म्हणायचं व्हतं!" जोतीराम ओरडला.

"वीस वर्सं टाळ्या घेतल्याला माणूस भ्यालो म्हणंल कसा?"

सिंधुबाईला त्याचा राग आला होता, पण त्याच्यावर हात उगारायला निघालेल्यांना तिनंच मागं सारलं. तुरुंग भोगलेल्या माणसाची भीती खोटी नसते. खोटी होती ती वेशीतली खुर्ची, आणि आता तिचा राग तिकडं वळला.

तिनं पदर खोचला आणि ती सांगाड्यात शिरली. कोट नाही, चेहरा नाही, नुसती हाडं. आळी चढत्या हलगीमागं वेशीवर आली, तेव्हा हिंदुराव उठून उभे राहिले.

"बाईमाणूस सोंगात? शेळगावात आसं कधी झालं न्हाय. आन् सायबाची ही दशा?"

"सायबाचं कापडं उतरल्यात, पाटील, पर नाचणार त्यो." कामट्यांतून तिचा आवाज खणखणीत आला. "आता नाव लिवून घ्या. सिंधुबाई, राहणार खालची आळी. तुरुंगाची वाट मला ठाव न्हाय, तवा तुमीच फुडं व्हा आन् दावा."

पाटील जागचे हलले नाहीत. मग सोंगानंच त्यांची खुर्ची लाथेनं बाजूला सारली आणि खालची आळी वेशीतून आत गेली.