निवासी अधीक्षिका

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला लागून मुलींचं एक वसतिगृह आहे. चाळीस मुली, स्वयंपाकाला सुंदरामावशी आणि अधीक्षिका म्हणून हर्षाली. कुंपण म्हणाल तर नुसत्या करवंदीच्या काट्यांचं.

त्या सकाळी हर्षाली मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. काटे खसखसले म्हणून वळून पाहते तर एक तरुण आत शिरत होता... आणि त्याचा सदरा काट्यात अडकला होता!

"कोण रे तू?" तिनं भरलेली बादलीच उचलली.

"थांबा, थांबा! मी जीवन, वाशिंदहून आलोय. सुरक्षेच्या अनुदानासाठी तुमच्या संस्थेनंच बोलावलंय."

"मग पुढून यायचं ना!"

"कुणीही किती सहज आत येऊ शकतं, ते आधी बघायचं होतं."

"मग? जमलं?"

"येणं जमलं," काट्यांशी झटापट करत तो म्हणाला, "सुटणं... कठीण दिसतंय."

हसू तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच विरलं. दोनच महिन्यांपूर्वी याच वाटेनं एक माणूस आत शिरला होता. मुली ओरडल्या, तो पळाला. पण नंतर अकरा जणींना घरच्यांनी नेलं. त्यातल्या भिमीचं तर लग्नच ठरवत होते... पंधरा वर्षांची पोर!

लहान संस्थांचे अर्ज लिहून त्यांना कंपन्यांचा निधी मिळवून द्यायचा, हे जीवनचं काम. भिंत, दिवे, कॅमेरे, काय हवं ते नीट मांडायचं. तो दर शनिवारी एसटीनं येऊ लागला. दोघं टेपची दोन टोकं धरून हद्द मोजायची.

"आकडा बघा की! माझ्याकडे काय बघताय?"

"आकडा कुठं पळून जातोय?"

सुंदरामावशी चुलीपाशी पुटपुटायची, "गो हर्षाली, भिंतीचं माप एकदाच घेत्यात ना? यो तिसऱ्यांदा घेतोय."

अर्जातला शेवटचा प्रश्न होता, मुलींच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची? जीवनचं पेन थबकलं.

"अधीक्षिका आवारातच राहतात आणि पुढची पाच वर्षं राहतील, असं लिहिलं तर अर्ज पक्का होईल." तो तिच्याकडे पाहत राहिला. "लिहू?"

हर्षालीनं अंगणात खेळणाऱ्या मुलींकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली.

अनुदान मंजूर झालं. होळीपर्यंत भिंत उभी राहिली. अकरांपैकी सात मुली परत आल्या. भिमी आली नाही. माघातच तिचं लग्न उरकलं होतं.

शेवटच्या पाहणीला जीवन आला, तेव्हा हर्षाली नव्या भिंतीवर पाणी मारत होती. ओल्या सिमेंटचा वास सुटला होता. कागद तपासून झाले, तरी तो जाईना.

"लकव्यानं आईची डावी बाजू गेलीय," तो हळूच म्हणाला. "संध्याकाळी घरी पोचावंच लागतं मला. नाहीतर मीच इकडं... वाशिंदला येशील का, असं तुला विचारणार होतो."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता.

"मग विचार ना."

"तू नाही म्हणशील."

"नाहीच म्हणेन. पण विचार... एकदा तरी विचार मला."

"हर्षाली... माझ्याशी लग्न करशील?"

पाइपातलं पाणी तिच्या पायांवर सांडत राहिलं.

"हो म्हणावंसं लई वाटतं रे. पण त्या सात जणींच्या बापांना मी सांगितलंय, मी हाय म्हणून. माझ्या भरवशावर धाडल्यात त्यांनी पोरी."

"मी थांबेन. पाच वर्षं."

"नको. आईला आज माणूस हवंय, पाच वर्षांनी नाय."

त्यानं तिच्या हातून पाइप घेतला, नळ बंद केला आणि चार वाजताच्या एसटीनं तो गेला.

पुढच्या वर्षी तपासणीला जीवनच्या जागी माधुरी नावाची मुलगी आली. हर्षालीनं तिला भिंत दाखवली, दिवे लावून दाखवले. चहा देताना मग न राहवून विचारलंच, "जीवनसर... नाही आले?"

"त्यांनी हा भाग सोडला. फेब्रुवारीत लग्न झालं ना त्यांचं!" माधुरीनं कागद पुढे केला. "काही अडचण असेल तर इथं लिहा."

हर्षालीनं पेन घेतलं. 'काही अडचण नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.