सर्वांत मागचा माणूस

नकाशा टेबलावर नीट पसरा, आणि त्या कोपऱ्यावर किटली ठेवा, नाहीतर तो गुंडाळला जातो. हं, असा. नेदरकोमच्या चर्चपासून निघायचं, शेतांमधून स्टोक हार्बी गाठायचं आणि जेवायला लिटल मार्शच्या पबात पोचायचं. तीन गावं, एक दिवस. ऑब्रीने आखली होती तशीच सहल आपण आखतोय. तुम्ही आपल्या भटकंतीच्या क्लबात नवे आहात, म्हणून सगळं सांगते. माझी एक अट आहे, ती शेवटी.

ऑब्री माझा नवरा. क्लब फिरायला निघाला की सर्वांत मागे तो चालायचा. सगळे फाटकातून पुढे गेले की त्याने कडी लावायची, कुणी मागे राहिलं नाही ना ते बघायचं. आणि एक नियम त्याने जन्मभर पाळला. फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. बंद असलं तर बंद, उघडं असलं तर उघडं. एकदा एका नवीन बाईंनी शहाणपणा करून उघडं फाटक लावून टाकलं. पबात बसल्यावर ऑब्रीला ते कळलं, तर हा पठ्ठ्या जेवण टाकून भर पावसात परत गेला, ते उघडायला.

"मेंढ्या पाण्यावाचून राहतील, डोरीन," एवढंच म्हणाला. मी चांगलीच चिडले होते.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात क्लब याच वाटेने गेला. धुकं होतं. लिटल मार्शला सगळे पोचले, ऑब्री पोचला नाही. पोलिसांनी नाले उपसले, कुत्री आणली. त्याची टोपीसुद्धा सापडली नाही. विहिरीत पडला म्हणाले असते, दुसऱ्या बाईबरोबर पळाला म्हणाले असते, तरी मी ऐकून घेतलं असतं. पण कुणाकडे सांगायला काहीच नव्हतं.

गेल्या वर्षी त्याचा भाऊ रेज आला. आमचे पाद्री चर्चच्या आवारात ऑब्रीच्या नावाचा दगड बसवायला तयार होते. माझ्या होकारासाठी सगळं अडलं होतं.

"किती दिवस असं बसणार आहेस?" रेज म्हणाला.

"एकदा ती वाट चालू दे. तू ये माझ्याबरोबर. काही नाही सापडलं, तर कोरा तुमचा दगड."

"माझे गुडघे बघितलेस का?"

"तुझे गुडघे बघायची मला हौस नाही, रेज. तू मागे राहा आणि फाटकं लाव, बास."

मग मी याच टेबलावर नकाशा पसरला. थर्मास भरला, चीज आणि लोणच्याचे सँडविच बांधले. ऑब्रीच्या वाटणीचेही बांधले. हसू नका.

निघालो तेव्हा सकाळ होती, पण धुक्याने चर्चचा मनोरा अर्ध्यावर पुसून टाकला होता. कुजक्या पानांचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. पहिल्या फाटकातून मी पुढे झाले. मागून रेज काहीतरी पुटपुटला. मी न वळताच हात वर केला. त्याची कुरकुर ऐकायला मला वेळ नव्हता, मी चिखलात बुटांच्या खुणा शोधत होते. दोन वर्षांनी! पण माणूस शोधतो. पाठीमागे साखळी वाजली, कडी पडली.

स्टोक हार्बी मागे पडलं. पुढच्या फाटकापाशीही तसंच झालं. मी पुढे, मागे कडी. रेज अंतर ठेवून येत होता, बोलत नव्हता. मला तेही बरं वाटलं. मी ऑब्रीला हाका मारत होते.

मग टेकडीच्या कुशीतलं फाटक आलं. ते सताड उघडं होतं, सुतळीने कुंपणाला बांधून ठेवलेलं. पलीकडे पाण्याची डोण होती आणि मेंढ्या ये-जा करत होत्या. मी त्याला हात लावला नाही. थोडी पुढे गेले, आणि मागे ते धाडकन लागलं.

"रेज, ते उघडं होतं... उघडंच राहू दे."

मागून फक्त पावलं. मी थांबले की तीही थांबायची. शहरी माणूस, याला काय कळतं, असं म्हणून मी चालत राहिले.

लिटल मार्शच्या पबाचं दार ढकललं, तर शेकोटीपाशी रेज बसलेला. मोजे वाळत घातलेले, समोरचा पेला रिकामा.

"किती वेळ लावलास," तो म्हणाला.

"तू... पुढे कसा आलास?"

"पहिल्याच फाटकाशी सांगितलं ना, गुडघा धरलाय, मी बसने जातो म्हणून. तू हात केलास की."

"मग फाटकं कुणी लावली?"

रेजचा चेहरा उतरला. आणि मला, देवाशपथ, आनंद झाला. ऑब्री! दुसरं कोण असणार? कोट न घेताच मी मागे धावले. रेज ओरडत राहिला.

टेकडीच्या कुशीतलं फाटक बंद होतं. सुतळी तुटून लोंबत होती. मेंढ्या पलीकडे अडकल्या होत्या, डोण अलीकडे, माझ्या बाजूला. त्या फाटकाला तोंडं लावून ओरडत होत्या. मी कडीवर हात ठेवला आणि तिथेच थबकले. ऑब्रीने हे कधीच केलं नसतं. तहानलेल्या मेंढ्यांसमोर फाटक लावणारा तो नव्हेच.

मी ते उघडलं आणि खाली बसून रडले.

त्या दिवशी ऑब्री सर्वांत मागे होता, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. त्याच्याही मागे कुणी होतं का, हे कुणी पाहिलंच नाही.

दगडाला मी होकार दिला नाही. रेज माझ्याशी बोलत नाही. बागेचं फाटक मी ऑब्रीसाठी सताड उघडं ठेवते, आणि त्या दिवसापासून अंधारून आलं की ते लागतं. ते लावणारा ऑब्री नाही, हे मला कळतं. वेड लागलेलं नाही मला. पण ऑब्री कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे असं जगात दुसरं कोण उरलंय? त्याला विचारायचं तर त्याच्या पुढे चालायला हवं, अगदी लगेच पुढे.

तर माझी अट ही. परवा सर्वांत मागे मी चालणार. फाटकं मी लावणार. आणि मी पबात पोचले नाही, तर मला शोधायला यायचं नाही.

घ्या ना, चहा गार होतोय. मघाशी आत येताना बागेचं फाटक उघडंच सोडलंत ना? हो, ते लागल्याचं मीही ऐकलं. नेहमीचंच आहे.

पण तुमच्या पाठीमागचं हे स्वयंपाकघराचं दार... ते तुम्ही लावलंत का?