सातव्या मजल्यावरचा बाण

दार लावून घ्या रे पोरांनो, आणि मध्ये बोलू नका. हा आर्किटेक्ट माझं जुनं गिऱ्हाईक. कड्या, बिजागऱ्या, मुठी, सगळं माझ्याच दुकानातून न्यायचा. बोलायला गोड. पण त्याचं नाव निघालं की अजून माझं डोकं फिरतं.

बड्या ऑफिसांच्या भागात त्यानं राहायची उंच इमारत उभी केली. नकाशात जिने दोन. बिल्डर म्हणाला, एक उडव, खोल्या वाढतील. यानं उडवला. त्या जिन्याच्या दारांच्या पितळी मुठी मला परत आल्या. खोकं न फोडता अजून माळ्यावर पडलंय. पण मजल्यामजल्यावर लावायच्या पाट्या जुन्या नकाशावरून आधीच छापलेल्या: 'आग लागल्यास इकडे', आणि पुढे बाण. त्या तशाच ठोकल्या. बाणापुढे कोरी भिंत.

मग एकदा आग लागलीच. सातव्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई धुरात बाणाच्या मागे गेल्या. भिंतीपाशीच सापडल्या.

सोमवारी चौकशी होती. त्याआधीच्या शनिवारी, रात्री साडेनऊला, हा ती पाटी काढायला निघाला. खिशात स्क्रूड्रायव्हर. ऑफिसं सुटली की त्या भागात कुत्रंही फिरकत नाही. वॉचमनला म्हणाला, भेगा बघून येतो. जिना चढताना चरफडत होता तो बाईंवरच. एवढी शिकलेली बाई, समोरची भिंत दिसू नये?

पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला.

भिंतीवर थाप पडली. आतून.

तो थांबला. पुन्हा थाप...

"दार उघडा."

आवाज रडका नव्हता. वर्गात उशिरा आलेल्या पोराला दटावावं, तसा.

"इथे दार नाही," हा खेकसला.

थाप थांबली. धुराचा वास आला...

"मग हा बाण कोणी लावला?"

यानं स्क्रूड्रायव्हर तिसऱ्या स्क्रूला लावला.

"मी विचारतेय."

"...मी."

यापुढचं तो मलाही सांगत नाही. सोमवारी त्यानं दोन्ही नकाशे आपणहून चौकशीवाल्यांपुढे ठेवले. लोक म्हणतात, मन मोठं. कसलं मोठं? बाई परत आल्या का?

मंगळवारी मला तिथे बोलावलं, माल ओळखायला. पाटी दोन स्क्रूंवर लोंबत होती. शेजारी, त्या कोऱ्या भिंतीवर, दाराला असते त्याच उंचीला एक पितळी मूठ. माझ्याच मालातली. हात लावून पाहिलं, हलेना. जन्म गेला माझा या धंद्यात, पण मूठ अशी बसवलेली कधी पाहिली नाही. स्क्रूचं एकही डोकं अलीकडे नव्हतं.

सगळे पलीकडून पिळलेले.