विचारीबाईला न सुचलेला प्रश्न

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. पाटण खोऱ्यातल्या एका आरोग्य उपकेंद्राची. भिंतीवर तव्याएवढं गोल यंत्र आहे. मूल व्हावं असं ठरवलेल्या बाईनं, दिवस जाण्याआधीच, इथं येऊन त्याच्याशी बोलायचं. झोप लागते का, मन उदास असतं का, घरात कुणी हात उगारतं का, दारू-तंबाखूची सवय आहे का, असं ते हळू आवाजात विचारतं. तिनं सांगितलेलं तिच्या होकाराशिवाय खोलीबाहेर जात नाही. सारखं विचारतं, म्हणून गावानं त्याला नाव ठेवलं विचारीबाई.

एका सकाळी तेजल तिच्यासमोर बसली होती. नियम एकटीनं बसायचा, पण नऊ वर्षांची ओवी आईचा हात सोडीना. ही ओवी जन्मली तेव्हा जेमतेम दीड किलोची होती. तिच्या पाठचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. का, ते कुणालाच सांगता आलं नव्हतं. तेजलला आता पुन्हा मूल हवं होतं, आणि ते या वेळी घरी न्यायचं होतं.

"तंबाखू खाता?" विचारीबाईनं विचारलं.

"छे. आमच्यात गडीमाणसंबी खात नाहीत."

"ही पट्टी जिभेखाली धरा."

गेल्या चार दिवसांत अंगात काय गेलं, ते ही लाळपट्टी ओळखते. ती निळी झाली.

"लाळेत तंबाखूचा अंश आहे. उत्तर आणि पट्टी जुळत नाहीत. पुन्हा सांगता का?"

तेजलचा चेहरा उतरला. "म्हंजे मी खोटी? चल गं ओवी. टांगलेल्या तव्याकडनं शानपण शिकायला नाय आले मी." ती दाराशी पोचलीसुद्धा.

ओवी जागची हलली नाही. "विचारीबाई, तुला मिशरी ठाऊक आहे का?"

"हा शब्द माझ्याकडे नाही."

"अगं, तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा नि त्यानं दात घासायचे. आई दिवसातून चारदा लावते. भाजते मीच."

"ते दातवण हाय," तेजल म्हणाली. "खातंय कोण? थुकून तर टाकतो." पण बोलता बोलताच ती थबकली. भाजला म्हणून तंबाखूचं काय दुसरंच काही होतं?

"तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी अपुरं विचारलं," यंत्र म्हणालं. "तंबाखू हिरड्यांतून रक्तात जातो, रक्तातून बाळापर्यंत. बाळ नीट वाढत नाही. तुमचं बाळ त्यानंच गेलं असं मी म्हणणार नाही, ते मला कळू शकत नाही. पण अजून दिवस गेलेले नाहीत. सोडायला वेळ आहे, आणि इथल्या सिस्टर मदत करतील."

तेजल परत येऊन बसली. "लावल्याबिगर सकाळी पोट साफ व्हत नाय. त्याचं काय?"

"त्यालाही उपाय आहे. आजपासून मी प्रत्येकीला विचारीन, दात कशानं घासता?"

तेजलला हसू आलं. लेकीकडं कौतुकानं बघता बघता ते मावळलं. भाजते मीच, म्हणाली होती पोर.

"ओवे, भाजताना तूबी लावून बघतीस का गं?"

ओवीनं ओठ घट्ट मिटले. मग टेबलावरची नवी पट्टी उचलली आणि आपल्या जिभेखाली धरली.