अडेली पेंग्विनांचा हरवलेला हिवाळा

साल २०७१. देवगडच्या पेंग्विन केंद्रातल्या थंडगार दालनात अडेली जातीचे पेंग्विन मजेत होते. खात होते, पोहत होते, जोड्याही जमल्या होत्या. पण एकही मादी अंडं घालत नव्हती. असं का?

दहा वर्षांच्या शर्वाणीला या प्रश्नानं पछाडलं होतं. तिची आत्या, डॉ. मुग्धा राणे, तिथे प्रजननावर (पिल्लं जन्माला येण्याच्या क्रियेवर) संशोधन करायची. "अंटार्क्टिकाचा बर्फ वितळतोय," ती म्हणायची. "इथे पिल्लं वाढवायला शिकलो, तरच हे पक्षी टिकतील."

"अंडी घालायची वेळ त्यांना कशी कळते गं?"

"उजेडावरून. प्रकाशकाल (दिवसभरात उजेड असतो तेवढा वेळ) वाढू लागला, की संप्रेरकं (शरीरात निरोप पोहोचवणारी रसायनं) कामाला लागतात. म्हणून इथले दिवे अंटार्क्टिकाच्या सूर्याप्रमाणे लागतात नि मालवतात."

जून महिना होता. तिकडे हिवाळा, दिवस इवलासा. त्यामुळे दुपारीच दिवे मालवले. तरी शर्वाणीला सगळे पेंग्विन स्पष्ट दिसत होते! प्रेक्षकांच्या मोठ्या काचेतून देवगडचा पावसाळी उजेड आत येत होता.

"आत्या, यांचा दिवस आखूड होतच नाही! मग तो वाढला, हे कळणार कसं?"

आत्या थबकली. "आम्ही नुसते दिवेच बघत बसलो गं."

काच झाकायची, तर लोकांना पेंग्विन दिसणार नाहीत. संचालक पडवळ सर तयार होईनात. "लांबून मुलं येतात. त्यांना काय सांगू?"

"मी सांगीन," शर्वाणी म्हणाली.

सर कबूल झाले नि काचेवर काळा पडदा चढला. शाळा सुटली की शर्वाणी त्याच्यापुढे उभी राहायची. मुलं हिरमुसायची. एकानं तर 'आत पेंग्विन नाहीतच' म्हणत तिला खोटारडी म्हटलं. तिला रडू आलं. पण पुढची मुलं येताच तिनं पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

जुलैपासून दिवे रोज थोडा जास्त वेळ चालू राहू लागले. नर नेहमीसारखे खडे वेचून घरटी रचत होते. नोव्हेंबरात एका घरट्यात अंडं दिसलं! आता आतला दिवस बाहेरच्यापेक्षा मोठा होता, म्हणून पडदा काढता आला. डिसेंबरात काचेपलीकडे पिल्लाचं राखाडी, ओलसर डोकं वर आलं, तेव्हा मुलांनी एकच गलका केला.

"याला समुद्रात कधी सोडायचं?" शर्वाणीनं विचारलं.

"याला नाही, आधी इथली संख्या वाढायला हवी. कदाचित याच्या पिल्लांना," आत्या म्हणाली. "पण ती समुद्रात शिकार कशी शिकतील, हे अजून कुणालाच ठाऊक नाही."

"मग शोधू या," शर्वाणी म्हणाली.