पाण्याकडची खोली

“...त्या पाण्याकाठच्या हाटेलात तेवढं उतरू नका म्हणावं. वरकुट्याची कुशाबाई तितंच गेली, अन् आता फोन लावला की...”

तेवढ्यात गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि सिंधुबाईचं पुढचं बोलणं घरघरीत बुडालं. कौसल्या बाजरीचा डबा काखेत धरून तशीच उभी. पट्टा थांबेपर्यंत सिंधुबाई पदराचं पीठ झटकत निघूनही गेली होती.

कौसल्या आणि तिचे यजमान कुंडलिकराव मे महिन्यात रॉटरडॅमला निघालेत, हे एव्हाना बावड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. दोन सालं तिच्या बागेतली द्राक्षं पेट्यांत बसून त्या बंदरात उतरत होती. “माझी द्राक्षं जात्यात, मग मी का न्हाय?” एवढाच तिचा सवाल. बारामतीच्या टूरवाल्या रामहरीनं दोन जागा दाखवल्या. एक टेसनाजवळ, दुकानं, ट्रामगाड्या, रात्रभर वर्दळ. दुसरी जुन्या बंदराच्या आळीत. दारात पाणी, पलीकडं पवनचक्की आणि शांतता. कौसल्येनं बोट ठेवलं ते पाण्यावर. जन्मात पहिल्यांदा स्वतः निवडलेली खोली ती.

कुशाबाईचं अर्धं तर सगळ्यांना माहीत होतं. गेल्या साली बागायतदारांच्या सहलीत गेली आणि त्याच हाटेलात झोपेतच गेली. नवऱ्यानं तिकडंच सगळं उरकलं. घराचा उंबरा तिला पुन्हा दिसलाच नाही.

“लोक म्हणत्यात, तितं उतरलेली बाई माघारी येत न्हाय,” कुंडलिकराव जेवता जेवता म्हणाले. “टेसनाजवळची घेऊ. न्हायतर पुढच्या साली बघू की.”

“गोंगाटच ऐकायचा तर इंदापूरच्या स्टँडावर झोपते! अन् पुढच्या साली, पुढच्या साली... लगीन झाल्यापासनं ऐकतीय. त्या हाटेलाला फोन मीच लावते. बघू तर कोन उचलतंय.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती बारामतीत एसटीडीच्या बूथमध्ये शिरली. रामहरीनं नंबर फिरवून दिला आणि काचेचं दार लोटलं. बाहेर डांबर वितळत होतं. आत रिसीव्हर कानाला लावताच शीतगृहाचं दार उघडावं तशी गार हवा गालाला लागली. मागोमाग वास आला. द्राक्षाच्या पेटीत घालतात त्या गंधकाच्या कागदाचा.

“कोन... बावड्याची व्हय?”

कौसल्येनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “तुमी... कोन?”

“खोली हाय. पाण्याकडची... लई गारठा हाय गं हितं. वाकळ आन.”

दुसरी कुणी असती तर दार ढकलून पळाली असती. कौसल्येनं पदर खोचला.

“कुशाबाई, ऐक. मी येनार. वाकळ बी आननार. अन् माघारी बी येनार, आदुगरच सांगून ठेवते!”

पलीकडं पाणी वाजलं. मग अगदी हळू...

“मी बी?”

ती बाहेर आली तर रामहरी मीटरकडं बघत होता. “लागलाच न्हाय ओ मावशी. कोराच हाय.”

कौसल्या गेली, आपल्या जुन्या लुगड्यांची वाकळ घेऊन गेली. विमानतळावरच्या साहेबानं ती उलगडून पाहिली आणि हसला. हाटेलातल्या गोऱ्या बाईला मराठीचा गंधही नव्हता. निघताना कौसल्येनं वाकळ घडी करून खिडकीपाशी खुर्चीवर ठेवली.

“राहिली की!” कुंडलिकराव म्हणाले.

“राहू द्या. तिची हाय.”

परतल्यावर तिनं गिरणीत सिंधुबाईपुढं डबा आदळला. “आले बघ माघारी! चिमटा काढून बघ!”

सिंधुबाई हसली नाही. तिनं नुसतं पायरीकडं बोट केलं. तिथं कुशाबाईची सासू, साखरबाई, मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती.

“तू तितं जाऊन आलीस म्हनं... म्हनून आले,” ती गाठोडं सोडत पुटपुटली. “पहाटं आमच्या उंबऱ्यात पडली हुती ही. अन् सकाळधरनं चुलीपाशी कोनतरी बसल्यागत वाटतंय...”

गाठोड्यात वाकळ होती. कौसल्येच्याच हिरव्या लुगड्याचा तुकडा लावलेली.

“वाटू दे आत्ती. घर तिचंच हाय,” कौसल्या म्हणाली. अन् तिनं गाठोड्याला हात घातला.

वाकळ ओलीगच्च, बर्फासारखी गार, गंधकाचा वास मारणारी. तिनं घडीच्या आत हात सरकवला. आत ऊब होती. कुणी आत्ताच अंगावरनं बाजूला सारून उठावं, तशी.