खालच्या पायरीवरचा रुमाल

स्वारगेटला एसटी फलाटाला लागायच्या आधीच श्रीधर खिडकीतून आत रुमाल टाकायचे. चौतीस वर्षांच्या संसारात मी जागेसाठी एकदाही धावले नाही. ते पुढे जायचे, रुमाल टाकून जागा धरायचे आणि कुणी बसायला आलंच तर त्याला सांगायचे, "बायको येतेय. तिला उशीरच होतो."

उशीर व्हायचा हे खरं आहे. कसबा पेठेतल्या आमच्या फ्लॅटमधून निघताना मी गॅस, नळ आणि कुलूप दोनदा तपासते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. ताळा करून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मागच्या मार्चमध्ये ते हॉस्पिटलात होते. त्या सकाळी मी डबा आणायला घरी आले. परत निघाले आणि अर्ध्या जिन्यातून कुलूप बघायला पुन्हा वर गेले. हॉस्पिटलात पोचले, तेव्हा ते जाऊन दहा मिनिटं झाली होती. खाटेशेजारच्या स्टुलावर त्यांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल नीट घडी करून ठेवलेला होता. "स्टूल कुणाला नेऊ देत नव्हते," नर्स म्हणाली.

त्या रुमालाच्या कोपऱ्याला माझ्याच इस्त्रीचा चिंचोक्याएवढा डाग होता. रुमाल मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. वैकुंठ स्मशानभूमीत त्यांच्याबरोबर तोही गेला.

ती दहा मिनिटं मी अजून मोजते. ते माझ्यावर रागावून गेले का, एवढं एकच मला कळायला हवं होतं. आणि ते सांगू शकणारा माणूस उरला नव्हता.

गरम पाण्याच्या कुंडांवर जायचं हे त्यांचंच टुमणं. माझ्या गुडघ्यांसाठी. दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहायचं. नोव्हेंबरात सलिलने, माझ्या मुलाने, बंगळूरहून परस्पर खोली ठरवून टाकली. "आई, चार दिवस जाऊन ये. जानेवारीत बाळ आलं की तुला कुठली सवड!" मुलं अशा वेळी फार हुशारीने बोलतात. मी गेले.

घाट उतरल्यावर लागणारं ते गाव. नाव सांगत नाही. एक देऊळ, दोन चहाच्या टपऱ्या, नदीकाठी तीन कुंडं आणि उकडलेल्या अंड्यांसारखा वास. लॉजचे मालक बापूराव. त्यांनी खोलीत दोन उशा, दोन टॉवेल, दोन पेले ठेवले होते. "एकट्याच आहात होय?" म्हणाले आणि एक पेला उचलून नेला. ते गेल्यावर मी उशीही कपाटात टाकली.

बायकांच्या कुंडाला चारी बाजूंनी भिंत होती. दाराशी विमलाबाई बसायच्या, साठीच्या, काटक. त्यांनी मला तिथली रीत सांगितली. कुंडाला पाच पायऱ्या. पाणी दुसरीपासून चढतं आणि झरा अगदी तळाशी, म्हणून जितकं खाली जावं तितका चटका वाढत जातो. ज्या पायरीवर बसायचं, तिच्यावर आपलं फडकं ठेवायचं. मधेच वारा खायला बाहेर आलं, तरी ती जागा आपलीच राहते.

"दुसऱ्याच्या फडक्याला हात लावायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "आन् पाचव्या पायरीवर कुणी बसत न्हाय."

"का?"

"सोसत न्हाय."

दिवस कामाचा होता, कुंडात दुसरं कुणी नव्हतं. मी दुसऱ्या पायरीवर पंचा ठेवून बसले. पाणी कोमट, अंघोळीच्या पाण्यासारखं. गुडघे हळूहळू सैल झाले. बरं वाटलं हे सांगायला मी सवयीने शेजारी वळले. मग बराच वेळ भिंतीकडे बघत बसले.

उठताना खाली नजर गेली. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. पाचव्या पायरीवर एक घडी केलेला रुमाल होता.

निळ्या चौकड्यांचा.

"कुणाचा तरी पडलाय आत," मी बाहेर येऊन म्हटलं.

विमलाबाई आत जाऊन वाकून बघून आल्या. "पडलेला न्हाय. ठेवलाय. कुणीतरी जागा धरलीया."

"कुणी?"

"सकाळी झाडलं तवा नव्हता. तुमच्याबिगर आज कुणी आलं न्हाय, ताई."

असले रुमाल तुळशीबागेत डझनाने मिळतात, हे मी स्वतःला बजावलं. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत पुन्हा गेले. रुमाल तिथेच होता. तळातून बुडबुडे येत होते, पाणी सारखं हलत होतं. रुमालाचं एक टोकही हलत नव्हतं. सुती कापड पाण्यात उलगडतं, निदान फुगतं. वर दगडही ठेवलेला नव्हता.

मी तिसऱ्या पायरीवर उतरले. पोटऱ्या भाजल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

कोपऱ्याला चिंचोक्याएवढा डाग होता.

भीती वाटली. पण आधी आनंद झाला, हे कबूल करते. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझी वाट बघत होतं.

चौथ्या पायरीवर पाय ठेवला. पाणी फार गरम होतं, आणि ते सोसू लागलं होतं.

"ताई!" दारातून विमलाबाई ओरडल्या. "वर या!"

मी थांबले. खाली बघून हळूच म्हटलं, "अहो, एवढ्यात नाही. सलिलचं बाळ तेवढं बघू दे."

रुमाल जागचा हलला नाही. मी वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी माझी निळी पिशवी भरली. मुक्काम अजून बाकी होता, पण बापूरावांनी कारण विचारलं नाही. निघण्याआधी कुंडात डोकावले. पाचवी पायरी रिकामी होती. विमलाबाई तिथेच उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघेनात.

फाट्यावर पुण्याची गाडी आली ती खच्चून भरलेली. लोक दारापर्यंत उभे होते. मी कशीबशी आत चढले, तोच मधल्या बाकावरून एका मुलीने हात केला. कॉलेजातली असावी.

"काकू, निळी पिशवी! तुम्हीच ना? या, तुमची सीट ठेवलीय."

तिच्या शेजारची जागा रिकामी होती. एवढ्या गर्दीत. तिथे घडी केलेला ओला रुमाल होता.

"एक काका ठेवून गेले," ती म्हणाली. "सो स्वीट! मी म्हटलं, काका, इतकी गर्दी आहे, लोक भांडतील. तर म्हणाले, बायको येतेय. तिला उशीरच होतो."

मी तिच्याकडे वाकले.

"आणखी काही म्हणाले?"

"हो. म्हणाले, उशीर होतो, पण येते ती. मी रागावत नाही, थांबतो."

मी रुमाल उचलला आणि बसले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. घाट सुरू झाल्यावर तिने मान उंचावून गाडीभर पाहिलं.

"पण काका कुठे आहेत? उतरले की काय?"

"पुढे गेलेत," मी म्हटलं.

रुमाल घरी आणून बाल्कनीतल्या दोरीवर टाकला. तो वाळला नाही. डिसेंबरची कोरडी हवा, सकाळचं थेट ऊन, तरी ओलाच. हात लावला की कोमट लागायचा, दुसऱ्या पायरीवरच्या पाण्यासारखा. मी सलिलला काही सांगितलं नाही. रोज सकाळी चहा घेऊन रुमालाजवळ बसत होते. घर पूर्वीइतकं रिकामं वाटत नव्हतं.

जानेवारीत बंगळूरला गेले. नात झाली. महिनाभर मांडीवर घेतली, न्हाऊमाखू घातलं. परवा बारसं झालं. स्पृहा नाव ठेवलं. काल रात्री मी पुण्याला परतले.

आज सकाळी चहा घेऊन बाल्कनीत गेले. रुमाल दोरीवर नव्हता. माझ्या खुर्चीवर होता, नीट घडी करून ठेवलेला. मी उचलायला गेले, तर हाताला चटका बसला.